झोपेचा हिशोब, दुधाच्या हिशोबाशेजारी

पत्र : आम्ही कोल्हापुरात मंगळवार पेठेत राहतो. मिस्टरांचं वय ३६. उद्यमनगरात लेथचं छोटं वर्कशॉप आहे, चार कामगार आहेत. गेल्या चैत्रात गावच्या सासनकाठीबरोबर जोतिबाला गेले आणि तिथनं आल्यावर त्यांची झोपच उडाली. रात्री दोन-तीन तास झोपायचे तरी दिवसभर पळापळ. बोलणं थांबेना, जुन्या पार्टीशी भांडण, सेकंडहँड मशिनला चार लाख ॲडव्हान्स. अकराव्या दिवशी थोरल्या दिरांनी दवाखान्यात नेलं. दोन आठवडे ॲडमिट होते. बायपोलर आहे असं सांगितलं. लिथियम आणि रात्रीची एक गोळी चालू आहे. पावसाळ्यात नुसते पडून असायचे, दिवाळीपासून एकदम व्यवस्थित आहेत. आता म्हणतात, हात थरथरतो, मायक्रोमीटर धरवत नाही, मी बरा झालोय, गोळ्या बंद. सासूबाई गावाकडच्या देवर्ष्याकडं चला म्हणतात. तो म्हणतो, २१ दिवस डॉक्टरची गोळी पोटात जाता कामा नये. यात्रा पुन्हा जवळ आली आणि हे जायचंच म्हणतात. ते मोठ्यानं हसले तरी माझ्या पोटात गोळा येतो. गोळ्या किती दिवस घ्यायच्या? आमच्या सात वर्षांच्या मुलाला हे होईल का?

उत्तर : ताई, बाकीचं सगळं सावकाश बोलू, पण गोळ्या आपल्या मनानं बंद होऊ देऊ नका. लिथियम एकाएकी थांबवलं की पुढच्या काही महिन्यांतच उन्माद, म्हणजे गेल्या चैत्रात आला तसा चढ, उसळून येण्याची शक्यता फार वाढते. बंद करायचं ठरलंच, तर डॉक्टर डोस पायरीपायरीनं उतरवतात. त्याला निदान चार आठवडे लागतात, आणि शक्यतो तीन महिने घेतात. २१ दिवस एकदम खंड पाडणं म्हणजे नेमकं जे करू नये तेच करणं. तेही चैत्राच्या तोंडावर, गेल्या वर्षी ज्या दिवसांत झोप गेली त्याच दिवसांत.

आता त्यांच्या बाजूनं बघा. 'मी बरा झालोय' यात खोटं काही नाही, ते खरंच बरे आहेत. त्यावर 'गोळ्यांमुळंच बरे आहात' असं उत्तर दिलं की बोलणं तिथंच संपतं. त्यांची तक्रार हाताची आहे आणि ती रास्त आहे. लेथवाल्याचं पोट बोटांवर चालतं. केसाचाही फरक खपत नाही अशा कामात मायक्रोमीटरचा थिंबल, म्हणजे माप घ्यायची फिरती नळी, फिरवताना बोट हललं तर रीडिंग चुकतं, जॉब रिजेक्ट होतो. 'होईल सवय' म्हणून हे टोलवू नका. गोळ्या सोडण्याचं खरं कारण बरेचदा असंच एखादं असतं, आणि त्यावर उपाय असतात.

लिथियमची थरथर बारीक आणि जलद असते, हात पुढं धरला की जास्त दिसते. डोस जरा जास्त होत असेल तर वाढते. गोळी पोटात गेल्यावर रक्तातलं प्रमाण चढतं, तेव्हाही वाढते. त्यामुळं बऱ्याच जणांना डॉक्टर सगळा डोस रात्री एकदाच घ्यायला सांगतात, म्हणजे चढाचा वेळ झोपेत जातो. सावकाश विरघळणाऱ्या गोळ्या मिळतात. रिपोर्ट बघून डोस थोडा कमी करता येतो. एवढ्यावर भागलं नाही तर प्रोप्रॅनोलॉल नावाची गोळी देतात, मात्र दमा असलेल्याला ती चालत नाही. चहानं थरथर वाढते, तरी वर्कशॉपवरचे सहा चहा उद्यापासून दोनवर आणू नका. चहा-कॉफीतल्या कॅफिनमुळं लिथियम लघवीवाटे जास्त बाहेर पडतं. चहा अचानक तोडला तर रक्तातलं लिथियम वर जातं. आठवड्याला एक कप असा कमी करा.

ही बारीक थरथर त्रासाची असली तरी धोक्याची नाही. धोक्याची थरथर वेगळी ओळखा. हात ठळक झटके दिल्यासारखा हलतो, कप धरला की चहा सांडतो. त्यासोबत उलट्या, जुलाब, चालताना झोक जाणं, जीभ जड होणं, बोलण्यात गोंधळ. असं दिसलं तर पुढची गोळी द्यायची नाही, सगळ्या स्ट्रिपा पिशवीत घालायच्या आणि तडक मोठ्या दवाखान्याच्या अपघात विभागात जायचं. रात्र असली तरी सकाळची वाट बघायची नाही.

असं का होतं ते त्यांना एकदा नीट समजावून सांगा. मशिन समजणाऱ्या माणसाला कारण कळलं की पटतं. लिथियम हा मिठासारखाच एक क्षार आहे. मूत्रपिंडाला मीठ आणि लिथियम यांत फारसा फरक करता येत नाही. घाम, जुलाब, निर्जळी उपास यांनी अंगातलं मीठ-पाणी उतरलं की मूत्रपिंड मीठ धरून ठेवायला लागतं आणि त्याबरोबर लिथियमही धरून ठेवतं. गोळी तेवढीच, पण रक्तातलं प्रमाण चढत जातं. म्हणून जेवणातलं मीठ आहे तेवढंच ठेवायचं, एकदम कमी नाही आणि एकदम जास्तही नाही. तांबडा-पांढरा खुशाल खाऊ द्या, पथ्य कशाचंच नाही, फक्त एकाएकी बदल नको. अंगदुखीच्या गोळ्यांचंही तसंच. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक आणि त्या जातीच्या गोळ्या लिथियम बाहेर पडू देत नाहीत. मेडिकलवाला पाठदुखीला सहज हातावर ठेवतो त्या बहुतेक याच. ताप, अंगदुखीला पॅरासिटामॉल चालतं. बीपीच्या काही गोळ्यांनीही हाच घोळ होतो. दुसऱ्या कुठल्याही डॉक्टरकडं गेलात तर पहिलं वाक्य 'यांना लिथियम चालू आहे' हे असलं पाहिजे.

रक्ताची तपासणी बरेच जण चुकीच्या वेळी करतात, मग आकडा फसवा येतो. शेवटच्या गोळीनंतर बरोबर बारा तासांनी रक्त द्यायचं. रात्री साडेनऊला गोळी घेतली तर सकाळी साडेनऊला लॅबमध्ये, आणि सकाळचा डोस असेल तर तो रक्त देऊन झाल्यावर. आजार काबूत ठेवण्यासाठी आकडा साधारण ०.६ ते ०.८ लागतो, काहींना १.० पर्यंत. १.५ च्या वर धोका. पण आकडा कमी असूनही वर सांगितलेली लक्षणं दिसली तर लक्षणांवर विश्वास ठेवायचा. डोस बदलला की पाच-सात दिवसांनी तपासायचं, पहिलं वर्षभर दर तीन महिन्यांनी. त्याशिवाय दर सहा महिन्यांनी मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन, थायरॉईडसाठी टीएसएच आणि कॅल्शियम. टीएसएचचं महत्त्व वेगळं आहे. लिथियमनं थायरॉईड मंदावतं, तेव्हा माणूस सुस्त होतो, वजन वाढतं, आणि घरच्यांना वाटतं पुन्हा पावसाळ्यासारखं सुरू झालं. साध्या थायरॉईडच्या गोळीनं ते सुधारतं. रात्रीच्या दुसऱ्या गोळीचं नाव तुम्ही लिहिलेलं नाही, पण या कामाच्या बऱ्याच गोळ्यांनी वजन आणि साखर वाढते, तेव्हा उपाशीपोटीची साखरही बघून घ्या. एखादा डोस चुकला तर दुसऱ्या दिवशी दोन्ही मिळून घ्यायचे नाहीत.

किती दिवस, या प्रश्नाचं उत्तर कडू आहे, पण ते तुम्हाला खरं सांगायला हवं. एकदा पुरा उन्माद येऊन गेलेल्या शंभरातल्या नव्वदहून जास्त जणांना पुढं कधीतरी पुन्हा झटका येतो. कधी वर्षात, कधी सात-आठ वर्षांनी. म्हणून पहिली निदान दोन वर्षं बरेच डॉक्टर गोळ्या थांबवायचा विषयच काढत नाहीत, आणि अनेकांना त्या कायम घ्याव्या लागतात. साखर, बीपीची गोळी आपण जशी घेतो तशी. लिथियमचा उपयोग १९४९ साली ऑस्ट्रेलियातल्या जॉन केड या डॉक्टरांनी दाखवला. इतक्या वर्षांत नवी औषधं पुष्कळ आली, तरी ते मागं पडलेलं नाही. जीव देण्याचं प्रमाण त्यानं कमी होतं, हे त्यामागचं मोठं कारण.

आता तुमच्या पोटातल्या गोळ्याबद्दल. ते हसले की तुम्ही दचकता, आणि ते त्यांनाही दिसत असणार. रोज आपल्याकडं कुणी तपासणीच्या नजरेनं बघतंय, या ओझ्यानंही माणूस चिडतो. लोक हल्ली कुणीही जरा मूडी असला की त्याला 'बायपोलर' म्हणून मोकळे होतात. त्यामुळं घटकेत हसू घटकेत राग म्हणजेच हा आजार, असा समज झालाय. तसं नाही. उन्मादाचा झटका म्हणायला तो निदान सात दिवस टिकतो, किंवा इतका जोरात येतो की आधीच ॲडमिट करावं लागतं. नैराश्य निदान दोन आठवडे, बहुतेक वेळा महिनोन् महिने. अधल्यामधल्या काळात माणूस तुमच्या-माझ्यासारखाच हसतो, रागावतो, क्रिकेट बघताना ओरडतो. तो आजार नव्हे.

म्हणून मूड मोजू नका, झोप मोजा. कमी झोपूनही थकवा नसणं ही उन्मादाची सगळ्यात भरवशाची पहिली खूण आहे. रात्रभर तळमळून सकाळी डोळे चुरचुरत उठणं वेगळं, आणि तीन तास झोपून पहाटे चारला ताजंतवानं उठून शटर उघडायला निघणं वेगळं. शिवाय झोप नुसती खूण नाही, ती कारणही आहे. सलग जागरणं या आजारात ठिणगीचं काम करतात. गेल्या वर्षी यात्रेतून आल्यावर झोप उडाली असं तुम्ही लिहिलंय. खरं तर झोप यात्रेतच मोडली असणार, बाकीचं त्यामागनं आलं.

स्वयंपाकघरात तुमचं दुधाचा हिशोब लिहायचं कॅलेंडर असेलच. त्याच चौकोनात 'अर्धा लि.'च्या शेजारी झोपेचे तास लिहा. लिहायचे मात्र त्यांनी स्वतः. झोपले किती वाजता, उठले किती वाजता, बस. तुमचा पहारा त्यामुळं सुटतो आणि हिशोब त्यांच्या हातात राहतो. गोळी घेतली की टिक. नेहमीची झोप सात तासांची असेल, तर सलग दोन रात्री पाचच्या खाली आकडा आला आणि तरी थकवा नाही, की तिसऱ्या दिवशी डॉक्टरांना फोन. 'आठवडाभर बघू' म्हणायचं नाही. हा नियम आत्ता, ते बरे असताना, दोघांनी मिळून ठरवायचा. पहिल्या दोन-चार दिवसांत वाढीव गोळी आणि सक्तीची झोप यांवर भागण्याची आशा असते. आठव्या दिवसापर्यंत थांबलात तर बरेचदा ॲडमिट करण्यावाचून इलाज राहत नाही.

त्याच बैठकीत आणखी एक काम करा. गेल्या चैत्रातले पहिले चार दिवस त्यांनाच आठवून सांगायला सांगा. कुणाला फोन केले, काय विकत घेतलं, कुठल्या गोष्टीनं डोकं भणभणलं. प्रत्येकाच्या खुणा आपापल्या असतात. कुणी रात्री दोनला व्हॉइस मेसेज पाठवतो, कुणी कपाटं रिकामी करतो, कुणी एकदम दानधर्म सुरू करतो. त्यातल्या चार-पाच कागदावर उतरवा. तीन खुणा एकत्र दिसल्या तर कोण बोलणार, कोणत्या शब्दांत बोलणार, तेही लिहा. 'डोक्यावर परिणाम झालाय का' हे वाक्य त्यात येता कामा नये. 'आकडा बघितला का?' एवढं पुरतं. त्यांच्या वर्कशॉपमधला एखादा जुना कामगार विश्वासाचा असेल, तर त्यांच्या परवानगीनं त्यालाही हे माहीत असू दे. कारण तेज चढलेला माणूस घरात सावरून बोलतो आणि कामावर उघडा पडतो. झोप मोडलेल्या दिवसांत लेथवर हात आणि गाडीवर बूड, दोन्ही नको.

या बैठकीत एक गोष्ट त्यांना मोकळेपणानं बोलू द्या. चढाचे सुरुवातीचे दिवस अनेकांना आयुष्यातले सगळ्यात उजळ दिवस वाटतात. कल्पना सुचतात, भीती वाटत नाही, सगळी गणितं सुटतात. ते दिवस गोळीनं हिरावले, असं मनात कुठंतरी असतं. ते बोललं गेलं नाही तर 'हात थरथरतो' या रूपानं बाहेर येतं.

पैशाचं थोडक्यात. आत्ताच, राजीखुशीनं, तिन्ही गोष्टी बांधून ठेवा. अमुक रकमेवरचा व्यवहार दोन सह्यांशिवाय होणार नाही असं खातं. यूपीआयची रोजची मर्यादा कमी. आणि कुठलाही ॲडव्हान्स द्यायचा तर मधे दोन रात्री पूर्ण झोप. त्यांच्या नकळत कार्डं लपवू नका, सापडलं की विश्वास जातो. तेज चढलेलं असताना हिशोबावरनं वाद घालणं तर पूर्ण वाया, कारण त्यांच्याकडं तुमच्यापेक्षा दहा मुद्दे जास्त असतात. आवाज खाली, वाक्य छोटं, घरात माणसं कमी, दिवे मंद, टीव्ही बंद.

पावसाळ्यासारखे दिवस पुन्हा आले तर काय करायचं तेही माहीत असू द्या. 'उठा, अंघोळ करा, कामावर जा' हे तीन हुकूम एकदम देऊ नका. आज फक्त गॅलरीत बसून चहा, उद्या रंकाळ्यापर्यंत दहा मिनिटं. उठण्याची वेळ मात्र रोज तीच ठेवा. ओळखीच्या कुणाच्या 'डिप्रेशनच्या गोळ्या' चुकूनही देऊ नका. बायपोलरमध्ये त्या एकट्या दिल्या तर माणूस खालून थेट वर उन्मादात जाऊ शकतो. डॉक्टर देतात तेव्हा लिथियमसारख्या औषधाच्या आधारानं देतात. 'मी नसलो तर तुम्ही सुटाल' अशा अर्थाचं काही बोलले तर विषय बदलू नका. 'जीव द्यावासा वाटतो का?' असं सरळ विचारा. विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट माणूस मोकळा होतो. उत्तर हो आलं तर त्यांना एकटं सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. लिथियम एकदम जास्त पोटात गेलं तर जिवावर बेततं, म्हणून अशा दिवसांत घरात आठवड्यापुरत्याच गोळ्या ठेवा, त्याही तुमच्या ताब्यात. गावाकडं शेत असेल तर तणनाशक, कीटकनाशक कुलपात. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. तो तुमच्यासाठीही आहे, फक्त त्यांच्यासाठी नाही.

सासूबाईंशी भांडू नका. मुलाला बघून त्यांचं काळीज तुटतंय, आणि त्यांच्या ओळखीचा इलाज तो आहे. अंगारा लावू द्या, नारळ वाहू द्या, अंबाबाईची ओटी भरू द्या, त्यानं लिथियमला काही होत नाही. अटी चार. गोळी चुकणार नाही, निर्जळी उपास नाही, रात्रीचं जागरण नाही आणि अंगाला हात लावायचा नाही. भूत उतरवतो म्हणून बांधणं, मारणं हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे. शक्य असेल तर पुढच्या तपासणीला त्यांनाच सोबत न्या. सुनेनं सांगितलेलं आणि डॉक्टरांनी सांगितलेलं यात त्यांच्या लेखी फरक असणार.

मुलाबद्दल. आई किंवा वडिलांपैकी एकाला हा आजार असेल तर मुलाला होण्याची शक्यता साधारण शंभरात पाच ते दहा. म्हणजे न होण्याचीच शक्यता कितीतरी मोठी. सात वर्षांच्या पोराची कसली तपासणी करू नका. 'बाबांना झोपेचा आणि डोक्याचा आजार होता, औषध चालू आहे, यात तुझी काही चूक नाही' एवढं त्याला सांगा. त्यानं गेल्या चैत्रात बरंच बघितलंय.

कागदोपत्री एक गोष्ट ते बरे असतानाच उरका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं आजारी पडल्यावर कसे उपचार हवेत, कसे नकोत, हे आधी लिहून ठेवता येतं आणि आपला प्रतिनिधीही नेमता येतो. तुम्ही की थोरले दीर, हे त्यांनाच ठरवू द्या. शारीरिक आजारासारखाच मानसिक आजाराचाही विमा देणं याच कायद्यानं कंपन्यांना बंधनकारक आहे, तेव्हा पॉलिसी काढून वाचा. खासगीचा खर्च झेपेनासा झाला तर सीपीआर या सरकारी दवाखान्यात मानसोपचार विभाग आहे. खर्चापायी गोळ्यांत खंड नको.

राहिली यात्रा. 'जायचं नाही' म्हणू नका. गावच्या काठीला खांदा देणं ही त्यांची जागा आहे, आणि आजारानं सगळं काढून घेतलं असं वाटलं की गोळ्यांवरचा राग वाढतो. डॉक्टरांनी हरकत घेतली नाही तर जाऊ द्या, पण वेगळ्या रीतीनं. आदल्या रात्री मुक्काम डोंगरावर नाही, घरी, पूर्ण झोप काढून. पहाटे जायचं, दुपारनंतर उतरायचं, रात्री साडेनऊची गोळी घरात. काठी पूर्ण वाट नाही, पाळीपाळीनं, थोडाच वेळ. एप्रिलच्या उन्हात गुलालात न्हाऊन नाचताना घामानं किती मीठ जातं ते लक्षात घ्या. पाण्याची बाटली जवळ, तहान लागायची वाट न बघता दर अर्ध्या तासाला घोट-दोन घोट, मधे मिठाचं लिंबूसरबत. दारू अजिबात नाही. संध्याकाळी खांदा ठणकणार, तेव्हा मंडळातलं कुणीतरी गोळी पुढं करणार. ती नको. पॅरासिटामॉल तुम्ही आधीच त्यांच्या खिशात घाला. आणि पुढच्या चार रात्रींचे आकडे कॅलेंडरवर न चुकता.

यात्रेच्या पंधरा दिवस आधीची वेळ घ्या. त्याआधी बारा तासांच्या हिशोबानं लिथियमची तपासणी करून ठेवा. ती सगळ्या लॅबमध्ये त्याच दिवशी मिळत नाही, फोन करून विचारा. सोबत रिपोर्ट, सगळ्या स्ट्रिपा आणि कॅलेंडरचं पान घ्या. केबिनमध्ये पहिल्यांदा तुम्ही बोलू नका. त्यांनाच खिशातला मायक्रोमीटर काढून टेबलावर ठेवू द्या आणि म्हणू द्या, 'डॉक्टर, मला हा धरता आला पाहिजे.'